पोटाला ऐकू येणारा पंखा

"भीती बिती काही नसते. असलीच, तर उद्या दुपारच्या आत तिला शेपटीला धरून बाहेर काढतो!" फोटोवाला स्टुलावर उभा राहून गरजला. तेवढ्यात स्टुलाचा पाय निखळला आणि तो बायकोच्या पायाशी येऊन पडला.

"आधी तुम्ही उठा," बायको म्हणाली. "मग भीतीचं बघू."

त्याचा स्टुडिओ मोठ्या चौकाखालच्या भुयारी रस्त्यात होता. जागा लाखात एक. जिना चढलं की समोर पासपोर्टचं ऑफिस. पण त्या भुयारात पाऊल टाकलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा यायचा. दिवे लख्ख, फरशी स्वच्छ, चोर नाही, भामटा नाही, तरी लोक मागे कुत्रं लागल्यासारखे पळत सुटायचे. कारणं ज्याची त्याची तयार. एक म्हणे, इथे पूर्वी स्मशान होतं. दुसरा म्हणे, स्मशान नव्हतं, म्हणून तर आत्म्यांची गैरसोय होते. फार अडलेलं एखादं गिऱ्हाईक आत यायचं, तोफेच्या तोंडी दिल्यासारखं ताठ बसायचं आणि फोटो हातात पडला की धूम ठोकायचं.

बायकोने शेवटचं सांगून टाकलं होतं. महिनाअखेरपर्यंत दुकान चाललं तर ठीक, नाहीतर शटर ओढायचं आणि तिच्या धाकट्या भावाकडे पंखे दुरुस्तीला बसायचं. भावाचं दुकान वर, जिन्याला लागूनच. फोटोवाल्याला एक वेळ भुताच्या हाताखाली चाललं असतं, मेहुण्याच्या नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काउंटरवर पाण्याचा ग्लास ठेवला आणि बघतच राहिला. ग्लासाला कुणाचा धक्का नव्हता. तरी पाणी थरथरत होतं.

"अगं, इकडे ये! कसला आवाज येतोय?"

"कसलाच नाही."

"कानात नाही. पोटात!"

बायकोने पोटावर हात ठेवला. तिचे डोळे मोठे झाले. "अगंबाई! येतोय की हो!"

फोटोवाला भिंतीला पोट लावून आवाजाच्या मागावर निघाला. मागच्या खोलीत भिंतीत बसवलेला मोठा पंखा होता. भुयारात हवा सोडायला. इतक्या वर्षांत त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. एक पातं वाकलेलं, त्यावर बोटभर मळ. फिरताना तो पंखा इतक्या खालच्या सुरात घुमायचा की कानाला पत्ताच लागायचा नाही. ऐकायचं ते पोट. आणि पोटाला काय अक्कल? ते भुताचं नाव घ्यायचं.

"माझ्या भावाला हाक मारू?"

"एका पात्यासाठी? माझे हात काय नुसते टाळ्या वाजवायला आहेत?"

त्याने पंखा बंद केला, मळ खरवडला, हातोड्याने पातं ठोकून सरळ केलं आणि बटण दाबलं. दुखरी दाढ उपटावी तशी भीती गेली! बाहेर गार झुळूक सुटली. रोज पळत जाणारे एक आजोबा थांबले, आळस देऊन स्टुडिओच्या काचेत भांग पाडू लागले. एक जोडपं तर चक्क भुयाराच्या मधोमध उभं राहून निवांत भांडायला लागलं. संध्याकाळपर्यंत फोटोसाठी जिन्यापर्यंत रांग. फोटोवाल्याचे पाय जमिनीला लागेनात.

मेहुणा खाली येऊन पंखा बघून गेला. "दाजी, कमाल केलीत! शिकाऊ माणसाला हे वर्षभर जमत नाही."

"बघून ठेव!" फोटोवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रांग आणखी लांब. फोटोवाल्याने बायकोला अक्षरशः ओढत दारात आणलं. "बघ! बघ गर्दी! आता बोल!"

"बघतेय," बायको म्हणाली. "कालचीच माणसं आहेत."

सगळ्यात पुढच्या दांडगोबाने फोटो काउंटरवर आपटला. "हे काय काढलंय? साहेबाने तोंडावर फेकला!"

फोटोत दांडगोबा असा गोड हसत होता, की स्वतःच्या लग्नातही हसला नसेल. ऑफिसचा नियम कडक. ओठ मिटलेले, डोळे सताड उघडे, चेहऱ्यावर कसलाच भाव नको. त्याच्या मागच्या बाईंचे डोळे गार वाऱ्याने पेंगुळलेले. आजोबा तर फोटोत डोळा मारत होते.

"पुन्हा काढतो! फुकट काढतो! फक्त हसू नका!" फोटोवाला ओरडला. अख्खी रांग खो खो हसायला लागली.

बायकोने त्याला बाजूला घेतलं. "अहो, इतकी वर्षं आपला एक तरी फोटो ऑफिसातून परत आला होता का?"

"एकही नाही! हात आहे माझा!"

"हात कसला? भीती होती ती."

फोटोवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. लोक आता वर चौकातल्या दुसऱ्या स्टुडिओचा पत्ता एकमेकांना विचारू लागले होते. "थांबा! आत्ता आणतो भीती परत!" म्हणत तो हातोडा घेऊन मागच्या खोलीत धावला. पंखा बंद केला, पात्यावर दणका घातला, बटण दाबलं.

"वा! काय झुळूक आहे!" बाहेरून आवाज आला.

त्याने पुन्हा बंद केला. दुसऱ्या बाजूने ठोकला. पुन्हा सुरू केला. बाहेर कुणीतरी गाणं गुणगुणायला लागलं.

गोंगाट ऐकून मेहुणा खाली आला होता. त्याने भिंतीला पोट लावलं, डोळे मिटले आणि मान डोलावली.

"दाजी," तो भारावून म्हणाला, "सोमवारपासून या."

फोटोवाल्याने दातओठ खाऊन आणखी एक घाव घातला. पंखा आधीपेक्षाही शांत चालू लागला.