नोव्हेंबर की जानेवारी

"नोव्हेंबरात अर्ज करायचा नाही," मार्लिस म्हणाली आणि पुन्हा बटाटे सोलायला लागली.

तिची मुलगी सिग्ने टेबलापाशी बसली होती. शाळा उघडल्यापासून हा विषय रोज निघायचा आणि रोज अर्धवट राहायचा. सिग्नेला सरोवराकाठच्या कॉलेजातच जायचं होतं. ते कॉलेज निम्म्याहून जास्त जागा नोव्हेंबरात अर्ज करणाऱ्यांनाच देऊन टाकायचं. अट एकच, निवड झाली की दुसरीकडे बघायचं नाही. जानेवारीत अर्ज केला तर चार कॉलेजं धुंडाळता येतात, पण मग उरल्यासुरल्या जागांसाठी मारामारी. शाळेतल्या सल्लागार मिसेस ट्वेट यांनी स्पष्टच सांगितलं होतं, की सिग्नेच्या मार्कांना जानेवारीत तिथं कुत्रंही विचारणार नाही.

मार्लिसला हे कळत नव्हतं असं नाही. पण त्याच सरोवरात लीफ बुडाला होता.

लीफ सिग्नेचा थोरला भाऊ. ती नऊ वर्षांची असताना तो वडिलांशी कडाक्याचं भांडून घराबाहेर पडला, आणि त्याच नोव्हेंबरात वादळात त्याची होडी उलटली. बातमी वडिलांनीच आणली. देह काही सापडला नाही. ते सरोवर सहसा काही परत देत नाही. मग हे कुटुंब पाण्यापासून लांब, मक्याच्या शेतांमधल्या या गावात राहायला आलं. वडिलांनी लीफचं नाव घरात पुन्हा कधी घेऊ दिलं नाही. गेल्या हिवाळ्यात तेही गेले. आता घरात या दोघी आणि एक खुर्ची, जिच्यावर चुकूनही कुणी बसत नसे.

सिग्नेला ते कॉलेज लीफसाठीच हवं होतं. त्याच्या जवळ राहावं, एवढंच. सप्टेंबरात ती कॉलेज बघायला गेली, तेव्हा तिथल्या एका लांबलचक रिकाम्या कॉरिडॉरमध्ये तिला शीळ ऐकू आली. लहानपणी अंगणातून तिला जेवायला बोलवताना लीफ घालायचा तीच, शेवटचा सूर मुद्दाम बिघडवलेली. ती धावत सुटली. कॉरिडॉरच्या टोकाला नुसतं एक दार हलत होतं.

घरी येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा मार्लिसच्या हातातली बशी खाली पडली. तेव्हापासून तिची झोप उडाली. फोन वाजला तरी दचकायची. सिग्नेला आईची फार कीव यायची, आणि आपण उगाच बोललो असं वाटायचं.

"आई, मला तिथं भीती नाही गं वाटली," ती आता म्हणाली. "उलट बरं वाटलं. कुणीतरी आपलं आहे असं."

मार्लिसनं सुरी खाली ठेवली. "म्हणूनच सांगते. नोव्हेंबर आपल्या घराला धार्जिणा नाही, बाळ. जानेवारीपर्यंत थांब. तेव्हाही तिथंच जायचं असलं, तर मी स्वतः सोडायला येईन."

"तेव्हा ते घेणार नाहीत मला."

"नाही तर नाही. माझ्यासाठी एवढं कर."

तिनं बाहीनं डोळे पुसले. सिग्नेनं ते पाहिलं. एक पोर गमावलेल्या बाईशी किती दिवस हुज्जत घालायची?

"बरं. जानेवारीत करते," ती म्हणाली.

मार्लिसनं तिला छातीशी घट्ट धरलं. मग सिग्ने मागच्या अंगणात मेपलची पानं गोळा करायला गेली. तिथं थोडं रडून घेतलं. वारा बोचरा होता, बोटं गारठली, म्हणून हातमोजे घ्यायला ती मागच्या दारानं परत आत आली.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता. त्यात रडण्याचा मागमूस नव्हता. दुकानदाराला सामान सांगावं तितक्या शांतपणे ती फोनवर बोलत होती.

"जानेवारीपर्यंत थोपवलंय मी तिला, लीफ. तेवढ्यात तिथली नोकरी सोड आणि लांब कुठंतरी बघ."