थोरलीच्या जागी

आजोबांच्या टाचेवरची पट्टी सुटत आली आणि धाकटीने डोळे गच्च मिटून घेतले.

"पोरी, जखम माझी आहे. तू कशाला घाबरतेस?" आजोबा म्हणाले.

शेजारच्या खाटेवरच्या आजी खुदकन हसल्या. परिचारिका मात्र हसली नाही. वृद्धाश्रमात सेवेला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर तिची देखरेख असे. तिने धाकटीच्या हातातला चिमटा काढून घेतला.

"प्रथमोपचाराचा कोर्स केलायस ना तू? पहिली आली होतीस म्हणे."

"हो. सवय मोडलीय जरा."

"सवय कसली, रंग उडालाय तुझा! जा, पाणी पी आणि घर गाठ. तुमच्या संस्थेच्या ताई आज तुझ्या यजमानांकडे येणार आहेत. आजवर सगळं फोनवरच चाललं होतं, आता तुला आणि त्या घरच्या काकूंना समोरासमोर बसवून विचारणार. मलाही विचारलंय, मुलगी काम कसं करते ते."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"अजून काही नाही."

रस्त्याने चालताना धाकटीला ते 'अजून' सोडेना.

कोर्सात पहिली आली होती ती थोरली. या दौऱ्यासाठी निवडही तिचीच झाली होती. दोघी जुळ्या, इतक्या सारख्या की आईसुद्धा हाक मारताना चुकायची. निघायच्या तोंडावर थोरली जिन्यावरून पडली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. संस्थेचा कारभार अदलाबदलीचा होता. तिकडचं एक मूल इकडे, इकडचं एक तिकडे. एकाने माघार घेतली की दुसऱ्यालाही परत बोलवायचं. यजमानांचा मुलगा तर कधीच तिकडे पोचला होता.

"तूच जा माझ्या पासपोर्टवर," थोरली म्हणाली. "कुणाच्या बापाला कळतंय!"

बापाला कळलं. तो निरोप द्यायला विमानतळावर आला नाही.

इथे उतरल्यावर शिक्का मारणाऱ्या माणसाने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. दुसऱ्याच्या पासपोर्टवर देशात शिरलं तर तुरुंग, एवढं तिला ठाऊक होतं.

पण त्या माणसापेक्षा तिला काकूंची भीती वाटे.

"काकू एकदम बोलघेवड्या आहेत," थोरलीने सांगितलं होतं. "फोनवर तासभर सोडलं नाही मला. तू नुसतं हूं हूं कर, बाकी त्या बोलतील."

काकू बोलतच नव्हत्या. विमानतळावर त्यांनी बॅग उचलली ती घरी येईपर्यंत तोंडातून अवाक्षर नाही. घरी आल्यावर, काका कामासाठी बाहेरगावी असतात, एवढंच काय ते सांगितलं. जेवताना समोर बसायच्या त्या खुर्चीच्या कडेला, आत्ता उठायचंय अशा. फोन वाजला की त्याच्याकडे बघत राहायच्या, उचलायच्या नाहीत. एकदा तर धाकटीने पाहिलं, काकूंनी स्वतःच्याच झोपायच्या खोलीच्या दारावर टकटक केली, जरा थांबल्या आणि मग आत गेल्या. आत कुणीही नव्हतं.

आणि त्या तासभराच्या फोनबद्दल चकार शब्द नाही.

धाकटीने गणितासारखं मांडून पाहिलं. बोलकी बाई गप्प झाली, म्हणजे तिला संशय आला. संशय आला तरी विचारत नाही, म्हणजे कुणाची तरी वाट बघतेय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे तर लख्ख ऊन पडलं होतं.

काल थोरलीने फोनवर युक्ती सुचवली होती. "अगं, तूच विषय काढ. आम्ही त्यांच्या गुलाबांबद्दल कितीतरी बोललो."

म्हणून संध्याकाळी धाकटीने उसनं हसू आणून विचारलं, "काकू, गुलाब कसे आहेत तुमचे?"

काकूंच्या हातातली बशी निसटली आणि फुटली.

"तुला कुणी सांगितलं गुलाबांचं?"

धाकटी खाली वाकून तुकडे गोळा करू लागली. ज्या बाईने स्वतः सांगितलं तीच असं विचारते, म्हणजे ती परीक्षा घेतेय. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

आता घराचं दार काकूंनी बेल वाजायच्या आतच उघडलं. अंगात ठेवणीतले, इस्त्री केलेले कपडे होते, खांद्यावर जरा सैल. चेहरा पांढराफटक.

"त्या ताई येतायत," काकू म्हणाल्या.

"माहीत आहे."

"काय विचारतील गं?"

"तुमच्याबद्दल मला. माझ्याबद्दल तुम्हाला."

काकूंनी दार लावलं, कडी घातली आणि तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "हे बघ, तुझ्या मनात काय आहे ते आत्ताच सांग. त्यांच्यासमोर नको. मी हात जोडते."

संपलं, धाकटीला वाटलं. ही शेवटची संधी देतेय. तिने बॅग खाली ठेवली आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

"मी ती नाही, काकू. निवड झाली ती माझी जुळी बहीण. पासपोर्ट तिचा, कोर्स तिचा. मला रक्त बघितलं तरी भोवळ येते. तिचा पाय मोडला म्हणून मी आले. फोनवर तासभर बोलली तीही तीच, मी नाही. मला पोलिसांत देऊ नका. हवं तर आजच परत पाठवा, पण पोलिसांत नको."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या.

बाहेर गाडीचं दार आपटलं. फाटक करकरलं. मग बेल वाजली.

काकूंनी झटकन तिचा हात धरला.

"फोनवर तिच्याशी बोलली ती मीही नव्हे गं," त्या कुजबुजल्या. "पोराला परत धाडतील म्हणून बाई मला आपल्या जागी बसवून परगावी गेल्यात. मी इथली धुणंभांडी करते."