ओठावरचा ताप

"बारशाच्या सुमारास घरात कोणाच्या ओठावर फोड आले होते का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "ताप येऊन गेल्यावर येतात तसे, पाण्याचे बारीक फोड?"

ललिताचा हात आपोआप तोंडाकडे गेला. फोड केव्हाच वाळून गेले होते.

काचेपलीकडे तिचा भाचा हरीओम निजला होता. सव्वा महिन्याचं पोर, हाताला सलाईन. झटके थांबले होते, पण डोळे उघडले तरी ते कशावरच ठरत नव्हते. डॉक्टरबाईंनी सकाळीच सगळं समजावून सांगितलं होतं. त्या फोडांतले विषाणू मोठ्या माणसाचं सहसा काही बिघडवत नाहीत. एवढ्या लहान बाळाच्या मात्र ते मेंदूपर्यंत जातात. औषधाने जीव वाचला. पण तो बसेल, बोलेल, आईला ओळखेल, अशी आशा धरू नका.

त्याची आई ज्योत्स्ना ते ऐकून रडलीही नव्हती.

बारशासाठी ललिता शिरपूरहून किन्हीराजाला माहेरी आली, तेव्हा तिच्या खालच्या ओठावर फोडांचा झुबका होता. "चांगलं झालं व माय," तिची आई प्रयागबाई म्हणाली. "अंगातला ताप ओठावाटे बाहेर पडून राह्यला." गावात सगळे असंच समजत.

बायकांची कुजबुज वेगळ्याच गोष्टीवरून चालली होती. ललिताला मूल नव्हतं. "तिच्या तोंडून नाव नको. चुलत आत्या हाये ना, दोन लेकरांची!"

ज्योत्स्ना पाळण्यापुढे आडवी उभी राहिली. "नाव ताईच ठेवतीन. अंगणवाडीत एवढ्या लेकरांले शिकवतेत ताई. त्याह्यचं काही वाईट झालं नाही, तं माह्याच लेकराचं काहून होईन?"

ललिता वाकली. बाळाच्या कानात कुर्र करून तिने नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी हसत हसत तिच्या पाठीवर बुक्के मारले. प्रत्येक बुक्क्याला तिचे ओठ बाळाच्या गालावर टेकत होते. एवढं सुख तिला कधीच मिळालं नव्हतं.

"सांगा ना," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यात कोणाचा दोष नाही. आम्ही अशा बाळांचा अभ्यास करतो आहोत, म्हणून विचारते."

ललिताने तोंड उघडलं. ज्योत्स्नाने तिचं मनगट घट्ट धरलं.

"माह्या ओठावर होते," ज्योत्स्ना म्हणाली.

"आणखी कोणाच्या?"

"कोनाच्याच नाही, म्याडम. मीच मुके घेतले त्याचे."

डॉक्टरबाई बाळाला तपासायला आत गेल्या.

"काहून खोटं बोलली तू?" ललिताने हळूच विचारलं.

"गावाले समजलं तं तुमच्या अंगणवाडीत एक तरी बाई लेकरू पाठवन का? अगोदरच बोलतेत थ्या. माह्यं तं गेलंच, ताई. तुमचे लेकरं तरी राहू द्या."

डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा थकलेला होता.

"बरं झालं विचारलं," त्या म्हणाल्या. "याआधी अशी दोन बाळं आली होती, त्या दोघांच्याही आत्यांच्या ओठावर फोड होते. मला वाटत होतं, बारशातूनच लागतंय हे. तुमच्याकडेही आत्याच निघाली असती, तर गावोगावच्या अंगणवाड्यांतून आयांना सावध करायचं आमच्या मनात होतं. आता तसं सांगता येणार नाही."

ललिताने होकारार्थी मान हलवली.