हिरवी रेघ

मुंबईच्या कारखान्यात चौदा वर्षं इलेक्ट्रॉनिक्सचं काम करून निर्मला सुर्वे १९८४ साली रत्नागिरीला परतली आणि मिरकरवाड्यात तिने दुरुस्तीचं दुकान थाटलं. एका दुपारी गणू तांडेल ट्रॉलरवरचं, पाण्याची खोली दाखवणारं यंत्र घेऊन आला. पहाटे ट्रॉलर सुटणार होता, आणि यंत्राशिवाय खडक कळणार नव्हते.

निर्मलाने झाकण काढलं. बाहेरून काही येत नसतानाही आतला, सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर आपसूकच सिग्नल काढत होता. सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या तिच्या ऑसिलोस्कोपवर एरवी बारीक, सरळ असणारी हिरवी रेघ सुरवंटासारखी जाड दिसत होती.

"पुढे गेलेला सिग्नल मागे फिरून पुन्हा आत शिरतोय," ती म्हणाली. तिने आतल्या सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या एका पट्टीवर बोट ठेवलं. रेघ सरळ झाली. बोट उचलताच पुन्हा जाड.

"सापडलं. इथे बोटाचं काम करणारा एक कपॅसिटर लावला की झालं काम."

कपाटातून कपॅसिटर घेऊन ती वळली, तर रेघ सरळ होती.

"दादा, तुम्ही हात लावलात?"

"नाय बाय," गणू म्हणाला. "मी दारातच उभा हाय."

निर्मला हसली. बोर्ड तापला की असं कधी कधी होतं, हे तिला ठाऊक होतं. खात्री करायला तिने त्याच पट्टीकडे बोट नेलं.

पट्टीवर काहीच दिसत नव्हतं. पण तिचं बोट तिथवर पोचलं नाही. मध्ये एक ऊबदार नख होतं.