शिडावरचं कुंकू

डाग: नाही.

काचेखालच्या कार्डावरचे एवढे दोनच शब्द वैजनाथरावांना आधी दिसले. बाकीचं सगळं नंतर. झांझिबार सरकार, एक रुपया, चलनातून केव्हाच बाद. नोटेच्या एका कोपऱ्यात शिडाची होडी, दुसऱ्यात लवंगा तोडणारी माणसं.

त्यांनी खिशातून भिंग काढलं. होडी होती. शीड होतं. शीड कोरं होतं.

"कशी वाटते, काका?" टेबलामागून तेजसने विचारलं. मंगल कार्यालयात नाण्यांचं आणि नोटांचं प्रदर्शन भरलं होतं. पुण्यातले सगळे जुने संग्राहक एकमेकांच्या टेबलांवर वाकून नाकं मुरडत फिरत होते. तेजस त्यांच्यात नवा.

"ही ती नाही."

"तीच आहे. तुम्हाला फोटो पाठवला होता ना, तीच."

"तिच्यावर लाल डाग होता."

"काढला." तेजसचा चेहरा शाबासकीला थांबलेला. "तुम्ही लगेच विचारलंत ना, डाग कसला आहे, नीट बघून सांग. म्हटलं, काका आता भाव पाडणार. बशीत कोमट पाणी घेतलं, नोट बुडवून ठेवली, टिपकागदात दाबली. बघा आता."

वैजनाथरावांनी फक्त खात्री करायला विचारलं होतं. पुण्यात साधा प्रश्नही तक्रार म्हणून ऐकला जातो, हे इतकी वर्षं इथे काढून त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

पूर्वीचा मालक: अज्ञात.

झांझिबारच्या त्यांच्या घरात अशी एक नोट होती. बाजारात कुणी घेत नसे, म्हणून तिला देव्हाऱ्यात जागा मिळालेली. लक्ष्मीपूजनाला आई ती पाटावर मांडायची आणि ओल्या कुंकवाचं बोट टेकवायची. शेजारच्या बायका नोटेच्या आकड्यावर कुंकू लावत. आई शिडावर लावायची. का, ते नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं नाही. पुढे दंगे झाले, घर सोडावं लागलं, देव्हाऱ्यासकट. परतीच्या बोटीत आई तापाने गेली. तिचं म्हणावं असं काहीच मुंबईच्या धक्क्यावर उतरलं नाही.

नोकरी लागल्यावर त्यांनी त्या बेटाची परवडेल ती नोट घेतली. लोक म्हणत, वैजनाथराव फार चोखंदळ, भिंगाखाली घातल्याशिवाय नोटेला हात लावत नाहीत. लोकांना वाटे ते डाग टाळतात.

आणि मग तेजसचा फोटो आला. शिडावर लाल. बोटाएवढं.

किंमत: बोलून ठरवू.

"सगळ्यांच्या आधी तुम्हाला दाखवतोय," तेजस म्हणाला. "आता बोला."

मोडलेल्या एफडीचा चेक वैजनाथरावांच्या खिशात होता. त्यांनी खिशाला हात लावला नाही.

"मला तो डागच हवा होता."

तेजस हसला. मग हसायचा थांबला. "अहो, मग सांगायचं तरी."

"डाग हवाय असं सांगतं का कुणी?"

"थांबा. लावून देतो परत. कसला होता? शाई असेल तर—"

"कुंकू होतं."

"मग तर सोपंच. मंडईत ढिगाने मिळतं. आत्ता जाऊन आणतो, काका. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"आणि बोट कोणाचं लावशील?"

तेजसने टेबलावरचे दोन्ही हात खाली मांडीवर घेतले. शेजारच्या टेबलावर कुणीतरी होळकरांच्या पैशावरून हुज्जत घालत होतं. वैजनाथरावांनी भिंग मिटून खिशात ठेवलं आणि ते निघाले.

"आईपण तेच म्हणाली होती," तेजस मागून म्हणाला.

वैजनाथराव वळले. "काय म्हणाली?"

"कुंकू आहे म्हणून. पाणी गुलाबी झालं होतं जरासं. मी बशी मोरीत ओतायला निघालो, तर तिने हातातून काढून घेतली. म्हणाली, कुणाच्या तरी पूजेचं आहे ते, मोरीत ओततोस? लाज नाही का? मला वाटलं, तिचं नेहमीचंच."

"मग?"

"मग काय. गॅलरीत नेलं आणि तुळशीला घातलं."

वैजनाथरावांनी टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि बसले. मगाशी तेजसने दोनदा बसा म्हणूनही ते बसले नव्हते.

"कुठे राहता तुम्ही?"

"हडपसरला. गाडीतळाच्या मागे."

"तुळस आहे ना नीट?"

"तिला काय होतंय? आमच्यापेक्षा तिची बडदास्त जास्त असते." त्याने नोट प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवली आणि काचेवरून त्यांच्याकडे ढकलली. "काका, भाव तुम्ही म्हणाल तो. चूक माझी आहे."

वैजनाथरावांनी नोटेकडे पाहिलं नाही.

"आईला फोन कर," ते म्हणाले. "म्हणावं, चहाचं काही करू नका. तुळशीपाशी उभ्याउभ्या येऊन जातो."