भुईचा टिळा

दिंद्रुडच्या माळावर यंदा घोड्यांच्या शर्यतीसाठी मेण माखलेल्या वाळूची सिंथेटिक धावपट्टी अंथरली गेली. तिला सर्वांत प्रखर विरोध आप्पारावांचा होता. "जिच्यात बी रुजत न्हाई, ती कसली भुई?" असे त्यांनी भर सभेत विचारले होते.

आज त्याच पट्टीवर त्यांची लेक योगिता शेवंतीचा लगाम धरून उभी होती. गेल्या वर्षी मातीच्या ढेकळावर पाय मुरगळून शेवंती अर्ध्यातच थांबली होती. यंदा तिला पळवायचीच, हा योगिताचा ध्यास; परंतु वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, शब्दाबाहेर ती जाणार नव्हती.

शर्यतीपूर्वी धन्याने मैदान अनवाणी चालून पाहावे आणि तिथल्याच मातीचा टिळा घोडीच्या कपाळी लावावा, ही त्या घराची रीत. इथे माती कुठली? म्हणून आप्पारावांनी शेतातली काळी माती उपरण्याच्या गाठीत बांधून आणली होती. वहाणा काढून ते शांतपणे सारी पट्टी चालून आले. योगिताला त्यांचा चेहरा वाचता येईना.

त्यांनी गाठ सोडली, काळी माती आदराने कडेला ठेवली आणि वाकून पट्टीवरचीच चिमूटभर वाळू शेवंतीच्या कपाळी टेकवली.

"अण्णा, ही कसली भुई, असं तुमीच म्हणालता ना?" योगिताने हसू दाबत विचारले.

"म्हणालतो की," आप्पाराव घोडीच्या मानेवरून हात फिरवीत म्हणाले, "पर तवा माज्या पायात पायतान होतं."