फोटोतला नाचणारा

हागेनच्या खोऱ्यात डुकरं वाटण्याचा सण होता. कोपिलचा मुलगा वामा तोंडाला कोळसा फासून, डोक्यावर नातलगांकडून आणलेली पिसं खोवून नाचायला उभा राहिला आणि इकडे बायकांत बसलेल्या त्याच्या आईचा, कोपिलचा जीव टांगणीला लागला. नटलेला माणूस पाहताक्षणी ओळखू आला, तर त्याचे पितर पाठीशी नाहीत म्हणून सणाला आलेले पलीकडच्या गावचे लोक वर्षभर नावं ठेवतात.

त्यात सण बघायला आलेला एक फोटोवाला परदेशी प्रवासी नेमका वामासमोरच ठाण मांडून बसला. फोटो काढून झाले तरी हलेना. शेवटी कोपिलच्या भाच्याला दुभाष्या म्हणून सोबत घेऊन तो बायकांकडे आला आणि कॅमेऱ्यातला फोटो दाखवून नाचणाऱ्याचं नाव विचारू लागला.

"नाव कशाला हवंय मेल्याला?" कोपिल पुटपुटली. "कुणी धाडलंय याला?"

जाऊबाईंनी फोटो निरखून पाहिला. "आमच्यातला नाही बाई हा!"

"मावशी, तू सांग," भाचा कोपिलकडे वळला.

"मी? मी तर जन्मात पाहिला नाही याला," पोटच्या पोराकडे ढुंकूनही न बघता कोपिल म्हणाली.

प्रवाशाचा चेहरा उतरला. तो तावातावानं काहीतरी बोलला.

"मावशी, तो चिडलाय," भाचा म्हणाला. "म्हणतो, हा तुमच्या गावचा माणूसच नव्हे. मला फसवायला बाहेरून आणलेला सोंगाड्या आहे."



कोपिलनं भाच्याचा दंड घट्ट धरला. "त्याला म्हणावं, हेच जरा पलीकडच्या गावच्या घोळक्यात जाऊन बोल. आणि मोठ्यानं बोल!"